देवगिरीची प्रदक्षिणा

देवगिरी हा निसर्गानेच बांधून दिलेला किल्ला, असे मी लोह्याच्या शाळेत वर्षानुवर्षे शिकवीत आलो. गेल्या माघात नांदेडहून रात्रीची गाडी धरली आणि भाकरी-ठेचा बांधून घेऊन त्या डोंगराभोवती दिवसभर एकटाच फिरलो. जमेल तेथे खंदकाच्या कडेने, नाही तेथे शेताबांधांवरून.

दुपारपर्यंत माझा धडा खोटा ठरला. डोंगराचा खालचा कडा माणसांनी तासलेला आहे! चहूबाजूंनी असा उभा, की घोरपडीलाही नख रोवता येऊ नये. हा काळा पत्थर फोडणे किती जिकिरीचे, ते आमच्याकडच्या विहीर खणणाऱ्याला विचारावे. चौदाव्या शतकात येथे आलेला इब्न बतूता लिहितो, की वर जायला कातड्याची शिडी असे आणि रात्री ती ओढून घेत. (तळघरातले उंदीर मांजरांहून मोठे, असेही तो लिहितो.)

तरीही १२९६ साली रामदेवराव यादव अल्लाउद्दीन खिलजीपुढे नमला. पुत्र शंकरदेव सैन्य घेऊन दूर गेलेला. वेढा पडताना घाईने गडावर चढविलेली पोती धान्याची नव्हती. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांचे ते मीठ होते, अशी हकीगत फिरिश्ता देतो.

परतल्यावर मुलांना हे सारे सांगितले. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "गुरुजी, वर नेण्याआधी एकही पोतं कुणी उघडून पाहिलं नाही?"