खो-खोतील आक्रमण : गडी बाद होतो तो बसलेल्यांच्या जोरावर

खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झाला. 19 जानेवारीच्या अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 असे हरवले. कर्णधार होती आपल्या बीड जिल्ह्यातील केज तालुक्याची प्रियंका इंगळे. त्यानंतर अनेक घरांत हा खेळ नव्याने बघितला गेला. म्हणून त्यातले आक्रमण कसे चालते, ते आम्ही इथे थोडक्यात देत आहोत.

मैदान आणि नियम
मैदान 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद. दोन टोकांना खांब, मधोमध पाटी. पाटीवर आठ गडी एकाआड एक उलट दिशेला तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. समोरचे गडी तिघातिघांच्या तुकडीने येतात. पारंपरिक नियमांत पाळी 9 मिनिटांची असते.

आक्रमणाची अडचण
पळणाऱ्या आक्रमकाने एकदा दिशा घेतली की मागे वळता येत नाही, मधली पाटीही ओलांडता येत नाही. बचाव करणारा मात्र बसलेल्यांमधून कुठूनही आरपार जातो. म्हणजे एकट्याच्या वेगाने काम होत नाही. अल्टिमेट फ्रिस्बीत चकती हातात आली की पळता येत नाही, सोबत्यांनी जागा घ्यावी लागते. इथेही तसेच, सगळी भिस्त सोबत्यांवर.

डावपेच
खो : बसलेल्याला मागून हात लावून ‘खो’ म्हणायचे. तो उठून तोंड असलेल्या बाजूला पळतो, म्हणजे पाठलागाची बाजू क्षणात बदलते. 
वेळ : कधी लगेच खो, कधी दोन पावले थांबून. गड्याला अंदाज येऊ द्यायचा नाही. 
खांब : गड्याला हळूहळू खांबाकडे रेटायचे. तिथे एका हाताने खांब धरून दुसऱ्या हाताने गाठता येते. म्हणून खांबाजवळ चपळ, लांब हाताचा खेळाडू बसवतात. 
नेम : तिघांमागे धावू नये. एकाला धरून ठेवावे.
बसलेल्याची नजर : पाय तयार, लक्ष गड्यावर. पण खो मिळण्याआधी उठले तर फाऊल.

पालकांसाठी
या खेळाला महागडे सामान लागत नाही. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत तालुक्यापासून सुरू होतात. कामगिरी नियमात बसली तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. 

आठवी-नववीत आल्यावर मुलींचा खेळ सुटतो, हे आपण सगळेच बघतो. पूर्ण बाह्यांचा ट्रॅकसूट, स्कार्फ, असर ते मगरिबच्या मधला सराव, घरी परतायची सोय, हे सगळे क्रीडा शिक्षकांशी बसून आधीच बोलून घ्यावे. अम्मी-अब्बूंनी एकदा मैदानावर जाऊन सराव बघावा. निर्णय त्यानंतर घ्यावा, एवढेच आमचे सांगणे.