बंदुकीने आणलेली शांती

ब्राझीलमधील रिओ दि जानेरो हे शहर पोर्तुगीजांनी 1565 मध्ये वसविले आणि संत सेबॅस्टियनच्या आश्रयाखाली ठेविले. परंपरा सांगते, की हा संत स्वतः सैनिक होता आणि सैनिकांच्याच बाणांनी त्याचे शरीर विंधले गेले. अशा संताच्या नगरीत शस्त्रधारी राज्यसत्ता आणि गोरगरीब यांच्यातील विश्वास कसा तुटत गेला, हे आम्हांस मननीय वाटते.

रिओच्या डोंगरउतारांवरील झोपडवस्त्यांना फावेला म्हणतात. पाणी, गटारे, शाळा यांची तेथे पिढ्यान्‌पिढ्या वानवा. 1970 च्या दशकात इल्या ग्रांदी बेटावरील तुरुंगात ‘कोमांदो व्हर्मेल्यो’ ही टोळी जन्मास आली आणि पुढील दशकात कोकेनच्या पैशावर तिने वस्त्या ताब्यात घेतल्या. तिच्यासमोर उभे होते लष्करी पोलीस. 1964 ते 1985 पर्यंतची लष्करी राजवट संपली, तरी 1988 च्या राज्यघटनेने हे दल सैन्याचे राखीव दल म्हणूनच कायम ठेविले. वस्ती म्हणजे जणू शत्रूचा मुलूख, ही दृष्टी त्यामुळे पुसली गेली नाही. 23 जुलै 1993 च्या रात्री कांदेलारिया चर्चजवळ झोपलेली आठ मुले व तरुण गोळ्यांना बळी पडले. मारेकऱ्यांत याच दलाचे शिपाई होते.

डिसेंबर 2008 मध्ये सांता मार्ता वस्तीत नवा प्रयोग आरंभिला गेला. छापा घालून परतण्याऐवजी पोलीस वस्तीतच ठाणे मांडून राहू लागले. 2014 पर्यंत अशी 38 ठाणी उभी राहिली. प्रारंभी गोळीबार मंदावला, लोकांच्या मनात आशा पालवली. परंतु ठाण्यामागोमाग यावयाच्या शाळा, दवाखाने व गटारे पुरेशी आलीच नाहीत. जुलै 2013 मध्ये रोसिन्या वस्तीतील आमारिल्दो या गवंड्याच्या हाताखालील मजुराला पोलिसांनी ठाण्यावर नेले. तो पुन्हा कोणास दिसला नाही. त्याच्या छळाबद्दल व मृत्यूबद्दल पुढे न्यायालयाने पोलिसांना दोषी ठरविले.

त्याच महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी वार्जिन्या वस्तीला भेट दिली. जो समाज आपल्याच एका अंगाला दूर लोटतो, त्याची शांती टिकाऊ नसते, असा त्यांच्या उपदेशाचा आशय होता. पुढील घटनांनी त्याची सत्यता पटविली. 2016 मध्ये राज्याची तिजोरी रिकामी झाली आणि ठाण्यांची योजना ढासळत गेली; 2018 मध्ये सुरक्षेची सूत्रे लष्करी सेनानीकडे सोपविण्यात आली. 2019 या एका वर्षात रिओ राज्यात पोलिसांच्या हातून 1,814 माणसे मारली गेली. 28 ऑक्टोबर 2025 रोजी पेन्या व आलेमांव भागांतील कारवाईत, काही पोलिसांसह, 120 हून अधिक जणांचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी रहिवाशांनी रानातून प्रेते वाहून आणली आणि संत लूकचे नाव असलेल्या चौकात ओळीने ठेविली.

मादक पदार्थांच्या व्यापाऱ्यांविषयी आमच्या मनात यत्किंचितही ममता नाही. त्यांनी घरे उद्ध्वस्त केली, निष्पाप लेकरे व कर्तव्यदक्ष पोलीस मारले. परंतु गुन्हेगार कोण, हे सर्वांआधी शेजाऱ्याला ठाऊक असते. आणि शेजारी तोंड उघडतो ते विश्वासापोटी. ज्या दारावर पोलिसाची थाप पडताच आई मुलाला पाठीशी घालते, त्या घरातून साक्ष मिळत नाही. तेथे अखेर टोळीचा म्होरक्याच न्यायनिवाडा करू लागतो. न्यायाविना शांती नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण रिओच्या डोंगरांनी फार मोठी किंमत मोजून सिद्ध केली आहे.