भाडेकरू घर सोडत नाही? मदत कोणाची घ्यायची आणि कशी

मुंब्रा, कुर्ला, भिवंडी, मालेगाव असो की पुण्यातला कोंढवा, आपल्या वस्त्यांतले सगळेच घरमालक काही बडे बिल्डर नसतात. कुणी आखातात वीस वर्षं राबून एक फ्लॅट घेतलेला असतो. कुणाकडे वडिलांच्या चाळीतल्या दोन खोल्या असतात, तर एखाद्या विधवेकडे पतीच्या पश्चात उरलेला एक गाळा. त्या भाड्यावर घरखर्च, औषधं आणि मुलांची फी चालते. असा भाडेकरू भाडं थांबवतो किंवा मुदत संपली तरी ताबा देत नाही, तेव्हा मोहल्ल्यातून पहिला सल्ला येतो, “कुलूप बदला, लाइट कापा.” हा सल्ला घरमालकालाच गोत्यात आणतो. म्हणून या लेखात आम्ही महाराष्ट्रातल्या कायद्याच्या आधारे सांगत आहोत की मदत कोणाची घ्यायची, केव्हा घ्यायची आणि कोणापासून लांब राहायचं.

आधी हे करू नका

घर आपल्या मालकीचं असलं तरी त्यात राहणाऱ्याला जबरदस्तीने बाहेर काढता येत नाही. १९८९ साली मुंबईतल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की लायसन्सची मुदत संपलेल्या व्यक्तीलाही कायदेशीर मार्गानेच काढावं लागतं. परस्पर बाहेर काढलेली व्यक्ती विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकते. त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्नच येत नाही. योग्य कारणाशिवाय पाणी-वीज तोडणं हा भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे. चार माणसं पाठवून धमकावलं तर फौजदारी गुन्हा वेगळा.

पोलिसांकडे गेलं तर बहुधा “हा दिवाणी वाद आहे” असंच उत्तर मिळतं, आणि ते बरोबरही आहे. मारहाण, धमकी किंवा तोडफोड झाली असेल तर तक्रार जरूर द्यावी, पण ताबा मिळवून देणं हे पोलिसांचं काम नाही.

आपला भाडेकरू कायद्याने कोण आहे?

वकिलाकडे गेल्यावर पहिला प्रश्न हाच निघायला हवा, कारण पुढचा सगळा रस्ता त्यावर ठरतो.

१) लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा. घर राहण्यासाठी दिलं असेल आणि मुदत संपली असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम २४ लागू होतं. अर्ज कोर्टात नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे करायचा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत राहणाऱ्याला प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते. मुदतीनंतर तो जितका काळ राहील तितक्या काळासाठी ठरलेल्या फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. इतर मार्गांपेक्षा हा रस्ता जवळचा आहे. मात्र दुकान किंवा गोदामासाठी तो नाही.

२) जुना भाडेकरू, भाडेपावतीवाला. त्याला कायद्याचं संरक्षण आहे आणि पागडीचे भाडेकरूही यातच येतात. थकबाकीसाठी काढायचं तर कलम १५ प्रमाणे आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस थांबून मगच दावा लावता येतो. दाव्याचं समन्स मिळाल्यावर ९० दिवसांच्या आत भाडेकरूने सगळी थकबाकी, १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, तर त्या कारणावरून त्याला काढता येत नाही. कलम १६ मध्ये इतर कारणं दिली आहेत. परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं, लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम करणं, शेजाऱ्यांना उपद्रव देणं, रास्त कारणाशिवाय सहा महिने जागा बंद ठेवणं, मालकाला स्वतःसाठी जागेची खरीखुरी गरज असणं ही त्यातली मुख्य. गरजेच्या कारणात जास्त हाल कोणाचे होतील, मालकाचे की भाडेकरूचे, हे कोर्ट तपासतं. दावा मुंबईत लघुवाद न्यायालयात चालतो. इतर ठिकाणी लघुवाद न्यायालय असेल तर तिथे, नाहीतर दिवाणी न्यायाधीशांपुढे.

३) बँक किंवा मोठी कंपनी. एक कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्या, बँका आणि सार्वजनिक उपक्रम यांना या कायद्याचं संरक्षण नाही. तिथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाप्रमाणे नोटीस देऊन पुढे जावं लागतं.

“अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला?”

हा आपल्याकडचा सर्वात महागात पडणारा गैरसमज. महाराष्ट्रात कलम ५५ प्रमाणे प्रत्येक भाडेकरार आणि लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. ती नसेल तर अटींबाबत राहणारा जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ही नोंदणी आता ऑनलाइनही होते. एजंटला सांगून मोकळं होऊ नका, नोंदणी झालेली प्रत स्वतःच्या हातात घ्या.

वकील कसा निवडावा?

कोर्टात बाजू मांडण्याचा अधिकार वकिलालाच आहे. “खाली करून देतो, टक्के द्या” म्हणणारे एजंट आणि ‘सेटलमेंट’वाले यांना तो नाही. त्यांनी दमदाटी केली तर नाव मालकाचंही येतं. वकिलालाही निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळालेल्या मालमत्तेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. त्यामुळे असा सौदा कुणी पुढे केला तर तिथेच उठावं.

पहिल्या भेटीत हे विचारा:

- तुम्ही भाड्याचे दावे नेहमी चालवता का, आणि कोणत्या कोर्टात?
- माझं प्रकरण कलम २४ मध्ये बसतं की कलम १५-१६ मध्ये? का?
- फी किती आणि कोणत्या टप्प्यावर? कोर्ट फी आणि टायपिंगचा खर्च त्यात आहे का?
- अपील झालं तर फी वेगळी का?
- निकालानंतर दरखास्त लावून बेलिफामार्फत ताबा घेण्याचं काम तुम्हीच करणार का?

शेवटचा प्रश्न बरेच जण विसरतात. हुकूमनामा हातात पडला म्हणजे किल्ली मिळाली असं नव्हे. आणि जुन्या भाडेकरूच्या थकबाकीच्या दाव्यात “दोन महिन्यांत घर खाली” असं कुणी सांगत असेल, तर वर दिलेले ९० दिवस आठवा. नोटिशीची मुदतच त्याहून मोठी आहे.

फी परवडत नसेल तर

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे महिलांना, मग त्यांचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग व्यक्तींनाही तोच हक्क आहे, तर इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे अर्ज करायचा. भाड्यावर जगणाऱ्या आपल्या अनेक भगिनींना हे माहीतच नसतं. आणि हो, समोरची भाडेकरू महिला असेल तर तिलाही हाच हक्क आहे.

मालक परदेशात किंवा वारस अनेक

दुबई, कुवेत किंवा सौदीत असलेले मालक भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करतात. ते तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्यावं आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं. मुखत्यार अर्ज-दावा दाखल करू शकतो, पण जे फक्त मालकालाच माहीत आहे त्याची साक्ष मुखत्यार देऊ शकत नाही. त्यामुळे स्वतः यावं लागेल का, हे वकिलाला सुरुवातीलाच विचारा.

वडिलांचा इंतकाल झाल्यावर आई, भाऊ, बहिणी सगळे वारस होतात आणि भाडेकरू म्हणतो, “आधी तुमचं ठरवा, मग बघू.” पण एक सहमालकही ताब्याचा दावा लावू शकतो. बाकीच्यांचा विरोध नसला म्हणजे झालं. बहिणींचा हिस्सा मान्य करून त्यांची लेखी संमती घेतली तर भाडेकरूला भांडण लावायला जागाच उरत नाही.

मशिदीचे आणि वक्फचे गाळे

वक्फ मालमत्तेचा रस्ता वेगळा आहे. २०१३ च्या दुरुस्तीनंतर भाडेकरू काढण्याचे वाद वक्फ न्यायाधिकरणाच्या कक्षेत येतात, आणि करार संपल्यावरही बसून राहणारा कायद्याने अतिक्रमणदार ठरतो. मुतवल्ली आणि ट्रस्टींनी साध्या दिवाणी दाव्यात वर्षं घालवण्याआधी वक्फ कायदा जाणणाऱ्या वकिलाला गाठावं.

तडजोड करा, पण कागदावर

प्रत्येक थकबाकीदार लबाड नसतो. कुणाची नोकरी जाते, कुणाच्या घरी आजारपण येतं. हप्ते बांधून देणं किंवा घर सोडायला दोन-तीन महिने देणं माणुसकीचंही आहे आणि स्वस्तही. जमातीतल्या ज्येष्ठांनी बसून मिटवलं तर उत्तमच. फक्त तोंडी शब्दावर थांबू नका. दावा लावण्याआधीही प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. तिथे झालेल्या तडजोडीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. भाडेकरूने शब्द फिरवला तर थेट अंमलबजावणी मागता येते.

वकिलाकडे जाताना ही फाइल न्या

मालकीचे कागद, नोंदणीकृत करार, भाडेपावत्या किंवा बँकेचे उतारे, पाणी-वीज आणि सोसायटीची बिलं, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिल्याची पोच, नोटिशीची प्रत आणि पोस्टाची पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश. सगळं तारखेप्रमाणे लावा आणि मूळ कागद स्वतःकडे ठेवून झेरॉक्स द्या. मुदत संपल्यावर भाडेकरूने पैसे पाठवले तर ते घेण्याआधी वकिलाला फोन करा. नाहीतर “मालकाने भाडं घेतलं, म्हणजे करार वाढवला” असा बचाव उभा राहतो.

करार संपायला दोन महिने असतानाच भाडेकरूला लेखी विचारावं की नूतनीकरण करायचं की घर सोडायचं. त्याचं उत्तर काहीही आलं तरी पुढची तयारी करायला तेवढा वेळ आपल्या हातात राहतो.