स्पॅम खाती : शारजा औद्योगिक क्षेत्रातील स्थलांतरितांचे ऑनलाइन गट

खोटी किंवा दुसऱ्याची ओळख घेऊन ऑनलाइन गटात शिरणारे आणि सभासदांना नको असलेले, बहुतेकदा फसवे संदेश पाठवणारे खाते. संयुक्त अरब अमिरातीतील शारजा औद्योगिक क्षेत्रात अशी खाती प्रामुख्याने नोकरी, व्हिसा, बक्षीस आणि मायदेशी परतण्यासाठी मदत यांचे आमिष दाखवतात. एका संदेशावर विसंबून कर्ज काढलेल्या कामगाराचे कित्येक महिन्यांचे पगार बुडू शकतात. म्हणून हा प्रश्न केवळ गटातल्या त्रासाचा नसून श्रमिकांच्या संरक्षणाचा आहे.

पार्श्वभूमी : शारजा शहराच्या दक्षिणेला, दुबईच्या हद्दीजवळ, क्रमांकांनी ओळखले जाणारे औद्योगिक विभाग आहेत. गॅरेज, जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने, गोदामे आणि फॅब्रिकेशनचे कारखाने यांच्या आसपासच कामगारांचे कॅम्प आहेत. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील अनेक घरांतून आखातात कामाला जाण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. खोलीतली रिकामी जागा, गावी जाणाऱ्याबरोबर द्यायचे सामान, रिकाम्या नोकऱ्या अशा रोजच्या गोष्टी व्हॉट्सॲप आणि फेसबुकवरील गटांतून कळतात. अमिरातीत व्हॉट्सॲपवरून बोलण्यावर दीर्घकाळ निर्बंध असल्यामुळे गटातील व्यवहार मजकूर, फोटो आणि व्हॉइस नोट यांवरच चालतो. गाववाल्याने पुढे पाठवलेल्या संदेशावर माणसे चटकन विश्वास ठेवतात आणि स्पॅम खात्यांचे फावते ते इथेच.

प्रकार : (१) भरतीचे खाते. नामांकित कंपनीचे बोधचिन्ह लावलेले ‘ऑफर लेटर’ पाठवून व्हिसा किंवा वैद्यकीय तपासणीच्या नावाने पैसे मागितले जातात. ‘सध्या व्हिजिटवर या, इथे आल्यावर बदलून देऊ’ हे त्याचे ठरलेले वाक्य. (२) बक्षिसाचे खाते. दूरसंचार कंपनीची सोडत लागल्याचे सांगून बँकेचा तपशील किंवा ओटीपी काढून घेतला जातो. (३) सरकारी सोंग. २०२२ मध्ये अबू धाबीतील भारतीय दूतावासाने ‘एम्बसी हेल्प’ या नावाच्या ट्विटर खात्याविरुद्ध जाहीर इशारा दिला. मायदेशी परतण्याची सोय करून देतो असे सांगून ते खाते भारतीयांकडून पैसे उकळत होते. त्याचा ईमेल पत्ता प्रोटॉनमेलवरचा होता, तर दूतावासाचे अधिकृत पत्ते ‘एमईए डॉट जीओव्ही डॉट इन’ यावर संपतात. (४) बळकावलेले खाते. सहा अंकी कोड मिळवून खऱ्या सभासदाचेच खाते ताब्यात घेतले जाते आणि त्याच्या नावाने उसने पैसे मागितले जातात. नाव आणि फोटो ओळखीचेच असल्याने हा प्रकार सर्वांत घातक ठरतो.

पडताळणी : पैशांची मागणी ही पहिली खूण. अमिरातीचा २०२१ चा कामगार कायदा (संघीय हुकूम-कायदा क्र. ३३) भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास मालकाला मनाई करतो. भारतात १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवाना असल्याखेरीज एजंटाला परदेशी भरती करता येत नाही. त्याचे सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी इतके मर्यादित आहे. परवाना खरा आहे की नाही हे ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते. शारजातील कंपनीचा व्यापार परवाना सामान्यतः तेथील आर्थिक विकास विभाग देतो. नोकरीचा देकार अमिरातीच्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या नोंदीशी ताडून पाहावा. व्हिजिट व्हिसावर काम करणे बेकायदा असते आणि त्याची झळ कामगारालाही बसते.

गटचालकाची कामे : व्हॉट्सॲपवर नव्या सभासदाला प्रवेश देण्यापूर्वी ॲडमिनची मंजुरी आवश्यक करता येते. गटाची लिंक उघड्यावर पसरली असेल तर ती रद्द करून नवी काढावी. इतरांचा संदेश सर्वांसाठी पुसण्याचा अधिकारही ॲडमिनला आहे. मात्र पुसण्याआधी संदेश, क्रमांक, तारीख आणि बँक खात्याचा तपशील यांचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवणे आवश्यक आहे, कारण तक्रारीच्या वेळी तोच पुरावा लागतो. त्यानंतर खाते रिपोर्ट करावे, गटातून काढावे आणि काय घडले ते गटाला साध्या मराठीत सांगावे. नुसते काढून टाकले तर ज्याने आधीच खासगीत पैसे पाठवले आहेत तो गप्प राहतो आणि तेच खाते दुसऱ्या क्रमांकावरून परत येते. कायमचे गावी परतलेल्यांचे अमिरातीतील बंद क्रमांकही गटातून वगळावेत, कारण बंद पडलेला क्रमांक कालांतराने दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. सभासदांनी द्विस्तरीय पडताळणी चालू ठेवावी.

कायदा : अफवा आणि सायबर गुन्हे यांविरुद्धचा संघीय हुकूम-कायदा क्र. ३४ (२०२१) २ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. दुसऱ्याच्या नावाने बनावट खाते काढल्यास ५०,००० ते २,००,००० दिरहम, तर ऑनलाइन फसवणूक केल्यास २,५०,००० ते १०,००,००० दिरहम दंडाची तरतूद त्यात आहे, शिवाय कैदेचीही. नेटवरून केलेली बदनामी आणि खासगीपणाचा भंग हेही याच कायद्याखाली गुन्हे आहेत. त्यामुळे संशयिताचा फोटो ‘चोर’ म्हणून गटात फिरवणारा स्वतः अडचणीत येऊ शकतो. सभासदांना सावध करावे, पण ते फसवणुकीची पद्धत सांगून. व्यक्तीची ओळख पोलिसांकडे द्यावी. गटातील सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कोणाला जबाबदार धरता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. तो अमिरातीतील न्यायालयांना बंधनकारक नाही, हे तेथील मराठी ॲडमिननी ध्यानात ठेवावे.

तक्रार : पैसे गेले असतील तर पहिला फोन बँकेला करावा. त्यानंतर शारजा पोलिसांकडे जावे. तातडीची नसलेली बाब ९०१ या क्रमांकावर कळवता येते. स्पॅम एसएमएससाठी अमिरातीत ७७२६ हा क्रमांक आहे. दुबईतील भारतीय वाणिज्य दूतावासाच्या कार्यक्षेत्रात शारजाही येते. त्याच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा निःशुल्क क्रमांक ८००-४६३४२ आहे. भारतातून पैसे भरले असल्यास घरच्यांनी १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यांत वळण्यापूर्वी ते गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.

महत्त्व : तांत्रिक उपायांनी खाती कमी होतात, पण फसलेल्या माणसाला हसण्याची वृत्ती राहिली तर तक्रारी दबून जातात. ज्या गटात फसलेला सभासद न लाजता बोलू शकतो तिथे पुढच्याला वेळेत इशारा मिळतो आणि पोलिसांना पुरावा मिळतो. फसलेल्याला असा आधार देणे हेही गटचालकाचे कामच आहे.