फुफ्फुस बदलायचं असेल तर आधी पाय सांभाळा

"आबा, तुम्ही बसा, मी आणतो." सोप्यात खुर्चीवर बसलेल्या, नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेल्या माणसाला घरातला प्रत्येक जण दिवसातून दहा वेळा हे ऐकवतो. पाण्याचा तांब्या हातात, ताट मांडीवर, आंघोळीचं पाणी पुढ्यात. त्यात माया असते. पण ज्या रुग्णाच्या फुफ्फुस प्रत्यारोपणाची बोलणी सुरू आहेत, त्याला ही माया महागात पडू शकते. पायातली ताकद गेली म्हणून ऑपरेशनच नाकारलं जातं, असंही होतं. फुफ्फुस खराब झालंय म्हणून डॉक्टर नवीन बसवणार, मग पायाचा संबंध काय, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचं उत्तर नीट समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

दम लागला की बसायचं, ही समजूत आपल्या भागात रुजायला कारणही आहे. पाचगणीजवळचं बेल-एअर, मिरज-सांगलीच्या मधलं वानलेसवाडी, ही एके काळी क्षयरोग्यांची सॅनेटोरियम. टीबीवर औषध नव्हतं तेव्हा चांगली हवा, सकस अन्न आणि सक्तीची विश्रांती हाच इलाज होता. स्ट्रेप्टोमायसिन 1940 च्या दशकात आलं. पुढे मद्रासमध्ये झालेल्या आणि 1959 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रसिद्ध अभ्यासाने दाखवून दिलं, की औषधं नियमित घेणारा रुग्ण घरी राहूनही सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. सॅनेटोरियमचा काळ संपला, पण छातीचा रोग म्हणजे पडून राहायचं हे डोक्यातून गेलं नाही. आमच्याही घरात हे झालंय. चुलत्यांना दम लागायचा म्हणून आम्ही त्यांना वर्षभर उठू दिलं नाही. वर्षाने त्यांना स्वतःच्या बळावर खाटेवरून उठता येईना, आणि त्यात फुफ्फुसाचा वाटा किती आणि आमचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

दम लागतो तो फक्त छातीमुळे नाही

सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन हवा आत अडकणं. आयएलडी किंवा फायब्रोसिस म्हणजे फुफ्फुस आकसून कडक होणं. टीबी बरा झाल्यावर राहिलेले व्रण हा आपल्याकडचा तिसरा मोठा प्रकार. 2018 मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अंदाजानुसार 2016 साली भारतात सीओपीडीचे साडेपाच कोटी रुग्ण होते. हे सगळे बिडी-सिगारेट ओढणारे नव्हेत. चुलीचा धूर, धूळ, जुना टीबी यांनीही हा रोग होतो, हे पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी 2009 मध्ये 'लॅन्सेट'मधल्या लेखात मांडलं होतं. बुरशी आलेल्या चिपाडाच्या धुळीने फुफ्फुसाला सूज येते, त्याला बगॅसोसिस असं नावच आहे. कारखान्यांच्या या पट्ट्यात ते नाव फारसं कोणाला माहीत नाही, हे नवलच.

आजार कोणताही असो, पुढचं चक्र सारखंच. चाललं की दम लागतो, म्हणून माणूस कमी चालतो. कमी चालल्याने मांड्या-पोटऱ्या वाळतात. वाळलेला स्नायू थोड्याच कामाला लवकर थकतो, त्यात लॅक्टिक आम्ल साठतं आणि ते बाहेर टाकायला शरीर जास्त श्वास मागतं. म्हणजे आधी चाळीस पावलांना लागणारा दम आता वीस पावलांना लागतो. फुफ्फुस तेवढंच आहे, पाय मात्र कमजोर झालेत. व्यायामाने खराब फुफ्फुस सुधारत नाही, ही गोष्ट कोणी लपवू नये. व्यायाम या चक्राची दुसरी बाजू दुरुस्त करतो. कमावलेला स्नायू तेच काम कमी हवेत करतो.

प्रत्यारोपणाच्या आधी काय बघतात

हृदय आणि फुफ्फुस प्रत्यारोपणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2021 मध्ये सुधारलेल्या शिफारशींत, हालचाल अगदीच मर्यादित असणं आणि ऑपरेशननंतर रुग्ण पुन्हा उभा राहण्याची शक्यता कमी असणं, हे प्रत्यारोपण न करण्याचं कारण मानलंय. ते कठोर वाटतं, पण ऑपरेशननंतरचे दिवस पाहिले की पटतं. छाती उघडलेली, काही काळ व्हेंटिलेटर, त्यावर स्टेरॉइड आणि शरीराने नवं फुफ्फुस नाकारू नये म्हणून आयुष्यभर घ्यायची औषधं. यातली काही औषधं स्नायू आणखी कमजोर करतात. तरीही शक्य तितक्या लवकर, बहुतेकदा पहिल्या काही दिवसांतच, रुग्णाला खाटेवरून उठवतात. ज्याच्या पायात आधीच काही शिल्लक नाही, तो तिथे अडकतो.

ही ताकद मोजायची पद्धत साधी आहे. तीस मीटरच्या सपाट बोळात सहा मिनिटांत माणूस किती चालतो ते मोजतात. मध्ये थांबलं तरी चालतं, घड्याळ मात्र सुरू राहतं. सीओपीडीत बोड नावाचा गुणांक काढतात. त्यात वजन, फुंकण्याची चाचणी, दम आणि हे चालणं, असे चार भाग असतात. 350 मीटर किंवा जास्त चाललं तर शून्य गुण, 149 मीटर किंवा कमी असेल तर तीन. इथे जास्त गुण म्हणजे जास्त धोका. सात ते दहा गुण झाले तर यादीत नाव घालायचा विचार होतो. फायब्रोसिसच्या रुग्णांबद्दल 2006 मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. प्रत्यारोपणाच्या यादीतले जे रुग्ण 207 मीटरपेक्षा कमी चालत होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण इतरांच्या चौपटीहून जास्त निघालं. कमी चालल्यामुळेच मृत्यू आला असा त्याचा अर्थ नाही, आजार वाढला की चालणंही घटतं. पण डॉक्टर त्या आकड्याकडे का बघतात ते यावरून कळतं. तीसेक मीटरची वाढ झाली तरी डॉक्टर तो खरा फरक मानतात.

वजनही बघतात. फार जाड आणि फार वाळलेला, दोघांनाही धोका जास्त. आणि तंबाखू. बिडी सोडली पण मिश्री चालू आहे, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. निकोटिनची तपासणी रक्तात-लघवीत होते, आणि मिश्री, तंबाखू, गुटखा सगळं त्यात उतरतं.

व्यायाम कसा

आधी छातीच्या डॉक्टरांकडून परवानगी, हृदयाची तपासणी आणि दोन आकडे लिहून घ्यायचे: ऑक्सिजन बसल्यावर किती लिटर आणि चालताना किती लिटर. हे दोन आकडे वेगळे असू शकतात. फायब्रोसिसमध्ये हे फार होतं, बसल्यावर बोटाच्या मशिनवर 95 दिसतं आणि वीस पावलांत 82 होतं. म्हणून बसून घेतलेल्या आकड्यावर विसंबू नये. चालताना 88 च्या खाली जाऊ नये, असं साधारण पाहतात, पण तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांचा. बोट थंड असेल, नखाला रंग असेल तर मशीन चुकतं, आणि सावळ्या त्वचेवर कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. सीओपीडीत मनाने ऑक्सिजन वाढवून घेणंही धोक्याचं, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो.

सुरुवात एका मिनिटाने. एक मिनिट चालायचं, एक मिनिट खुर्चीवर. असं पाच वेळा. घरातल्या घरात, सोप्यातून मागच्या दारापर्यंत. जमलं की दहा वेळा, मग चालण्याचं मिनिट दोन मिनिटांचं. तब्बेत साथ देईल तसं काही आठवड्यांत वीस-तीस मिनिटांपर्यंत जायचं, आठवड्यातून तीन ते पाच दिवस. दम किती लागावा? शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे जीव जातोय असं धरलं, तर तीन-चार-पाचच्या आसपास. तीन-चार शब्दांचं वाक्य बोलता आलं पाहिजे. अजिबात दम न लागता केलेला व्यायाम उपयोगाचा नाही, हे मात्र रुग्णाला आणि घरच्यांना दोघांनाही पटवावं लागतं. दम लागला म्हणजे फुफ्फुसाला इजा झाली असं नाही.

मांडीसाठी सगळ्यात कामाचा व्यायाम म्हणजे खुर्चीवरून हात न टेकता उठणं आणि बसणं. खुर्ची भिंतीला टेकवून, पाचाने सुरू करायचं. दंडासाठी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घ्या, बरोबर अर्धा किलो भरतात. जोर लावताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. सीओपीडीवाल्यांनी ओठ शिट्टीसारखे करून, चहावर फुंकतो तशी हळू हवा सोडायची. आत घ्यायला दोन आकडे, बाहेर सोडायला चार. घाईने श्वास घेतला तर जुनी हवा आत अडकते आणि नव्याला जागा राहत नाही. कपालभाती किंवा श्वास कोंडून धरणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

छातीत दुखलं, चक्कर आली, ओठ निळे पडले, धडधड वाढली किंवा थांबून बराच वेळ झाला तरी आकडा वर येईना, तर तिथेच थांबून दवाखाना गाठायचा. ताप आहे, कफाचा रंग बदललाय त्या दिवशी व्यायाम नाही. फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेला असेल त्यांनी तर फिजिओथेरपिस्टच्या नजरेखालीच सुरुवात करावी.

गावातल्या अडचणी

पुस्तकात बागेत फिरायला सांगतात. आपल्याकडे तोडणी संपली की पाचट पेटतं, मळणी सुरू झाली की शिवारभर भुसा, तासगाव पट्ट्यात बेदाण्याला गंधकाची धुरी. अशा दिवसांत पाणंदीने फिरायला जाऊ नका, घरातच करा. माण-खटाव, जत-आटपाडीच्या उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उरकावं. आणि हवापालट म्हणून ऑक्सिजनवरच्या माणसाला महाबळेश्वरला नेऊ नये. तिथली उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास, समुद्रसपाटीपेक्षा हवेचा दाब सुमारे 15 टक्के कमी.

वीज ही दुसरी अडचण. घरचं कॉन्सन्ट्रेटर मशीन तीनशे-चारशे वॅट खातं आणि वीज गेली की बंद. जवळ सिलिंडर हवाच. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर ऑक्सिजन बसतो. मिनिटाला 2 लिटरने तो साडेबारा तास पुरतो, 4 लिटरने सहा तास. हा हिशोब भिंतीवर लिहून ठेवा. नळी लांब घेतली तर रुग्ण मागच्या दारापर्यंत चालू शकतो, पण ती पायात येणार नाही हे बघा. चूल, गॅस, देवापुढची निरांजन आणि बिडी यांच्यापासून ऑक्सिजन लांब. यात हलगर्जी झाली तर चेहरा भाजतो.

खाण्याचं म्हणाल तर स्नायू भाकरी-आमटीवर वाढत नाही. अंडी, डाळ, दूध, मटकी, शेंगदाणे लागतात. पोट भरलं की पडद्याला खाली सरकायला जागा नसते आणि दम वाढतो, म्हणून एकदा ताटभर न खाता पाच-सहा वेळा थोडं थोडं.

नोंदणी आणि वाट पाहणं

महाराष्ट्रात अवयवांच्या वाटपाची चार विभागीय केंद्रं आहेत. सातारा आणि सांगली पुण्याच्या झेडटीसीसीखाली येतात. रुग्णाला थेट नाव नोंदवता येत नाही, ते मान्यताप्राप्त प्रत्यारोपण रुग्णालयामार्फतच होतं. रक्तगट आणि छातीचं माप जुळावं लागतं. मेंदूमृत दात्याचं मूत्रपिंड, यकृत वापरता येतं तेव्हाही फुफ्फुस बाद होतं, असं वारंवार घडतं. वाट किती दिवस पाहायची हे कोणी सांगू शकत नाही. काढलेलं फुफ्फुस साधारण सहा तासांत बसवायचं असतं. साताऱ्याहून पुणे 110 किलोमीटर, सांगलीहून सव्वादोनशेच्या वर, म्हणून काही रुग्णांना पुण्यातच खोली घेऊन राहावं लागतं. खर्च मोठा आहे. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, त्याची चौकशी समाजसेवा अधीक्षकांकडे करावी.

अपेक्षाही खऱ्या ठेवाव्यात. जगातलं पहिलं फुफ्फुस प्रत्यारोपण 1963 मध्ये अमेरिकेत जेम्स हार्डी यांनी केलं, रुग्ण 18 दिवस जगला. आज जगभरच्या नोंदींनुसार निम्मे रुग्ण सहा-सात वर्षं किंवा जास्त जगतात. ऑपरेशन प्रत्येकाच्या वाट्याला येणार नाही. व्यायामाचा फायदा मात्र यादीत नाव नसलेल्यालाही होतो, आधाराशिवाय मोरीपर्यंत जाता येतं एवढा तरी.

व्यायाम शिकायला प्रत्येक वेळी पुण्याला जायची गरज नाही. सातारा आणि मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, कराडजवळ मलकापूरला कृष्णा विश्व विद्यापीठाचं फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. तिथे 'पल्मनरी रिहॅबिलिटेशन' हा शब्द वापरून विचारा, कारण नुसतं फिजिओथेरपी म्हटलं तर गुडघा-कंबरेच्या रांगेत बसवतात. जाताना शंभर पानी वही न्या. रोजची तारीख, किती मिनिटं चाललो, चालण्याआधी, चालताना आणि थांबल्यावर ऑक्सिजन किती, लिटर किती, दम दहापैकी किती, वजन किती, एवढं त्यात लिहिलेलं असावं.