वृद्धी हॉर्मोन आणि मेंदू

वृद्धी हॉर्मोन आणि मेंदू : पोष ग्रंथीच्या अग्रखंडातून स्रवणाऱ्या, १९१ ॲमिनो अम्लांच्या प्रथिनाचे मज्जासंस्थेवरील कार्य. [→ पोष ग्रंथी, हॉर्मोने]. गुरांच्या पोष ग्रंथीतून हे हॉर्मोन १९४४ मध्ये ली आणि इव्हान्स यांनी वेगळे केले. त्याचा स्राव अधोथॅलॅमस नियंत्रित करतो. सोमॅटोस्टॅटिन हे हॉर्मोन तो रोखते.

‘उंची वाढवणारे हॉर्मोन’ ही त्याची ओळख अपुरी आहे, कारण त्याचे ग्राही स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्येही आढळतात. एवढा मोठा रेणू रक्त-मेंदू रोध कसा ओलांडेल, हा आक्षेप रास्त असला तरी निर्णायक नाही. हे हॉर्मोन अल्प प्रमाणात मेंदूतही तयार होते. मेंदूवरील परिणाम मुळात या हॉर्मोनाच्या प्रभावाने तयार होणाऱ्या इन्शुलिनसदृश वृद्धी घटक-१ चा असावा, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हा घटक चेतापेशींच्या वाढीस व टिकून राहण्यास मदत करतो आणि दोहोंचा वाटा वेगळा काढणे कठीण जाते. [→ इन्शुलीन, चेतापेशी].

हॉर्मोनाची कमतरता असलेल्या प्रौढांत थकवा, तसेच स्मृती व अवधानातील उणिवा दिसतात. पूरक उपचारांनी काहींत सुधारणा होते, सर्वांत नाही. त्यामुळे निरोगी माणसाने स्मरणशक्तीसाठी ते घेण्यास आधार मिळत नाही. पूर्वी उपचारांसाठी मृतदेहांच्या पोष ग्रंथींपासून काढलेल्या हॉर्मोनामुळे काही रुग्णांना क्रॉइट्सफेल्ट-याकोब हा प्राणघातक मेंदूविकार जडल्याचे १९८५ मध्ये उघड झाले. त्याच वर्षी जनुक-अभियांत्रिकीने बनवलेल्या हॉर्मोनास अमेरिकेत मान्यता मिळाली. [→ प्रिऑन].