मोठ्या सेन्सरचा मोठेपणा

व्यावसायिक मिररलेस आणि पाण्यात बुडवता येणारा टफ कॉम्पॅक्ट यांची तुलना निघाली, की निकाल आधीच ठरलेला असतो. सोनीचा ए१ २०२१ मध्ये अमेरिकेत साडेसहा हजार डॉलरला आला. ओएम सिस्टिमचा टीजी-७ त्यानंतर दोन वर्षांनी साडेपाचशेला. पहिल्याचा सेन्सर क्षेत्रफळाने दुसऱ्याच्या तीसपट. मग बोलायचं काय उरलं? टफ कॅमेरा म्हणजे मुलांना पोहायला नेताना घ्यायचं खेळणं, आणि ज्याला गांभीर्याने फोटो काढायचे आहेत त्याने फुल फ्रेमच घ्यावा, हे मत इतकं रुळलं आहे की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटत नाही. मला ते अर्धं खरं वाटतं. जो अर्धा भाग खोटा आहे, तो नेमका आपल्या पावसाळ्यात, सड्यांवर आणि खडपांत काम करणाऱ्यांना महागात पडतो.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण तो दुबळा नाही. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. टीजीचा साधारण ६.२ बाय ४.६, म्हणजे जेमतेम २८. अ‍ॅपर्चरचा आकडा आणि शटर सारखे ठेवले, तर मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश सुमारे एकतीसपट पडतो. छायाचित्रकारांच्या भाषेत पाच स्टॉपचा फायदा. संध्याकाळच्या उजेडात नॉइज कमी, सावल्यांत तपशील जास्त. शिवाय ए१ सेकंदाला तीस फोटो घेतो, पक्ष्याचा डोळा शोधून त्यावर फोकस धरून ठेवतो. टीजीला व्ह्यूफाइंडरच नाही, आणि त्याची झूम फुल फ्रेमच्या १०० मिलिमीटरइतक्या पल्ल्यावर संपते. उडता खंड्या, अंधारातला बिबट्या, मांडवातली नवरी ही त्याची कामं नव्हेत. इथवर वाद नाही.

वाद सुरू होतो तो 'एकतीसपट प्रकाश' या आकड्यापाशी. तो आकडा एका अटीवर खरा आहे, आणि ती अट कुणी सांगत नाही: भिंगाचं छिद्रही त्या प्रमाणात मोठं उघडायला हवं. टीजीचं भिंग रुंद टोकाला ४.५ मिलिमीटरचं आणि एफ/२ चं आहे. भागाकार केला तर छिद्राचा व्यास सव्वादोन मिलिमीटर. तेवढाच परिसर फुल फ्रेमवर बसवायला २५ मिलिमीटरचं भिंग लागतं. ते एफ/११ वर आणा: छिद्र पुन्हा तेवढंच, सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास. दृश्य तेच, छिद्र तेच, म्हणून आत येणारा प्रकाश तोच आणि डेप्थ ऑफ फील्डही तीच. फरक इतकाच, की एका कॅमेऱ्यात तो प्रकाश २८ चौरस मिलिमीटरवर गोळा होतो आणि दुसऱ्यात ८६४ वर पसरतो. शटर सारखं ठेवायचं तर फुल फ्रेमवाल्याला आयएसओ १०० वरून ३२०० च्या घरात न्यावा लागतो, आणि मग दोघांच्या फोटोतला नॉइज जवळपास एका पातळीवर येतो. मोठ्या सेन्सरचा मोठेपणा छिद्र उघडण्याच्या मुभेत आहे. ती मुभा विषयाने काढून घेतली, की तो मोठेपणाही जातो.

ही मुभा काढून घेणारे विषय आपल्याकडे ढिगाने आहेत. कासच्या पठारावर ऑगस्टअखेर सीतेची आसवं फुलतात, दवबिंदूच्या पानांवरचे चिकट केस चमकतात. यातलं बरंचसं काही मिलिमीटरांच्या मापाचं. फुल फ्रेमवर मॅक्रो लेन्स लावून एकास एक मोजमापाने एफ/२.८ ला फोटो काढा. फोकसमध्ये येणारी जाडी मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. पाकळीची कड स्पष्ट आणि तिच्यामागचा सोंडेसारखा भाग धूसर. असा फोटो भिंतीवर छान दिसतो, पण त्यावरून वनस्पती ओळखायची तर अभ्यासकाला तो निरुपयोगी. म्हणून जाणकार मॅक्रोवाले एफ/१६ वर जातात, तेव्हा कुठे दोनेक मिलिमीटर हाती लागतात. आता २.८ वरून १६ वर यायला स्टॉप किती? पाच. सेन्सरच्या आकाराने दिलेले पाच, अ‍ॅपर्चरने परत घेतलेले पाच.

प्रतिपक्ष इथे दोन उत्तरं देईल, आणि दोन्ही बरोबर आहेत. ट्रायपॉड लावा, शटर लांबवा. किंवा फ्लॅश लावा, प्रकाश वाढवा. दोन्ही वाटांनी मोठ्या सेन्सरला जास्त प्रकाश मिळतो आणि त्याची सरशी पुन्हा प्रस्थापित होते. स्टुडिओत मी याच्याशी वाद घालणार नाही. पठारावर मात्र वारा असतो, आणि वीतभर देठावरचं फूल दोन सेकंद स्थिर राहत नाही. ट्रायपॉडचे तीन पाय आणि आडवं झालेलं माणसाचं अंग फुलांच्या गालिच्यावर काय करतं, हे कासला गर्दीच्या दिवशी गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे. फ्लॅश हा खरा उपाय. पण भर पावसात फ्लॅश, त्याचा डिफ्यूझर आणि हॉट शूचे संपर्कबिंदू कोरडे ठेवणं हे स्वतंत्र काम होऊन बसतं. टीजीचा मायक्रोस्कोप मोड काचेपासून एक सेंटिमीटरवर फोकस होतो. इतक्या जवळ गेल्यावर भिंगाचीच सावली पडते, म्हणून कॅमेऱ्याच्या एलईडीचा उजेड भिंगाभोवती फिरवणारं एक साधं कडं मिळतं. वेगवेगळ्या अंतरांवर घेतलेले फोटो आतल्या आत जोडून खोली वाढवण्याची सोयही आहे. सगळं एका हातात, ओल्या गवतात.

टीजीच्या बाजूने आकडे फुगवायचे नाहीत. झूम पुढे नेली की त्याचं भिंग एफ/४.९ वर येतं, म्हणजे फुल फ्रेमच्या एफ/२७ च्या आसपास. तिथे तो एफ/१६ वरच्या मिररलेसपेक्षा मागे पडतो आणि विवर्तनाने तपशीलही मऊ होतो. बारा मेगापिक्सेलमध्ये कापाकापीला फार वाव नसतो. तरी ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो ए-४ आकाराच्या पूर्ण पानावर इंचाला तीनशे ठिपक्यांनी छापता येतो. दिवाळी अंकाला आणखी काय लागतं?

पूर्वपक्षाचा दुसरा आधार म्हणजे वेदर सीलिंग. 'आता प्रो बॉडी पावसातही चालते, मग वेगळा टफ कशाला?' चालते, पण किती? बहुतेक कंपन्या धूळ आणि ओलाव्याला प्रतिकार असल्याचं सांगतात आणि आकडा देत नाहीत. ओएम सिस्टिमचाच २०२२ चा मिररलेस ओएम-१ हा सन्माननीय अपवाद. त्यावर आयपी५३ असं स्पष्ट मानांकन आहे. त्यातला ३ हा आकडा पाण्यासंबंधी आहे. उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंतच्या कोनातून येणारे फवारे सोसणं, एवढाच त्याचा अर्थ. तोही लेन्स तशाच दर्जाची असेल तर. आंबोलीचा जुलैतला पाऊस ६० अंश मोजून पडत नाही. दरीतून वर येणारा वारा तो खालूनही मारतो. टीजी १५ मीटर खोल पाण्यासाठी बांधलेला आहे, आणि दोन मीटरवरून पडणं सोसण्यासाठीही.

आणखी एक गोष्ट जाहिरातींत येत नाही. लांब-आखूड होणारी झूम लेन्स प्रत्येक हालचालीत बाहेरची हवा आत ओढते. दमट हवा आत गेली, कॅमेरा रात्री बॅगेत बंद राहिला, की पुढचं काम बुरशी करते. कोकणात लेन्स वापरणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. टीजीची झूम पूर्णपणे आतल्या आत सरकते, पुढची काच जागची हलत नाही, त्यामुळे हा श्वासोच्छ्वासच नाही. उदाहरण आंबोलीचंच घ्या. आंबोली टोड हा २००९ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला, जगात फार थोड्या जागी उरलेला भेक. तो पावसात, रात्री, जांभ्याच्या सड्यावर दिसतो. नाकाच्या टोकापासून पाठीवरच्या खुणांपर्यंत सगळं फोकसमध्ये हवं, आणि तेही टॉर्चच्या उजेडात, पाणी अंगावर घेत. या कामासाठी बारा पट किमतीचा कॅमेरा पिशवीतून बाहेर काढायला हात कचरतो. हे भित्रेपण नव्हे, साधा हिशोब आहे.

पाण्याखाली तुलना जरा गुंतागुंतीची होते. सपाट काचेमागे पाण्यात दृश्याचा कोन आक्रसतो. टीजीची २५ मिलिमीटरची रुंदी ३३ च्या आसपास येते. मिररलेसवाला घुमटाकार डोम पोर्ट लावून पूर्ण रुंदी परत मिळवतो. अंदमान-लक्षद्वीपच्या स्वच्छ पाण्यात दोन फ्लॅश घेऊन काम करणाऱ्यापुढे टीजीने उभं राहू नये. पण त्या डोममागे कोपरे स्पष्ट यावेत म्हणून फुल फ्रेमला पुन्हा एफ/११ ते १६ वरच यावं लागतं, आणि त्या हाउसिंगची किंमत बरेचदा बॉडीइतकी असते. मालवणच्या गढूळ पाण्यात तर दोन हातांपलीकडचं फारसं दिसत नाही. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'च्या फेऱ्यांनी हाजी अली, गिरगाव, जुहूच्या ओहोटीत लोकांना जे दाखवलं, ते घोटाभर पाण्यातलं आहे: समुद्री गोगलगायी, खेकडे, समुद्रफुलं. घोटाभर पाण्यात बुडवण्यासाठी डोम लावलेलं हाउसिंग न्यायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

फोनचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. आजच्या चांगल्या फोनचा सेन्सर टीजीपेक्षा मोठा असतो, आणि कोरड्या जागी त्याचा फोटो सरस येईल. पण ओल्या बोटांना त्याचा पडदा दाद देत नाही, आणि त्याची जलरोधक चाचणी गोड्या पाण्यातली असते, समुद्राच्या नव्हे.

'जवळ असेल तो कॅमेरा उत्तम' असं म्हणून टफची बाजू घेणारेही आहेत. मला तो युक्तिवाद आळशी वाटतो. त्याने टिनपाट कॅमेराही उत्तम ठरतो. टफचं समर्थन भौतिकशास्त्राने होतं, भावनेने करायची गरज नाही.

आणि टफ म्हणजे खेळणं हे समीकरणही जुनं नाही. समुद्रसंशोधक कूस्तोंच्या प्रेरणेने झां द वुटर्स यांनी रचलेला कॅलिप्सो १९६० मध्ये आला. १९६३ पासून निकॉनने तो निकोनॉस या नावाने काढला. त्यात ३५ मिलिमीटरची तीच फिल्म बसे, जी व्यावसायिकांच्या कॅमेऱ्यात असे, आणि भिंगंही बदलता येत. व्हिएतनामच्या चिखलात आणि पावसात वार्ताहरांनी तो जमिनीवर वापरला. २००१ मध्ये निकोनॉस बंद झाला, आणि त्यानंतर पाण्यात जाणाऱ्या कॅमेऱ्यांना बहुधा लहानच सेन्सर वाट्याला आले. म्हणजे जलरोधक असणं आणि कमअस्सल असणं यांचा जन्मजात संबंध नाही; तो बाजाराने जोडला. २०१२ च्या टीजी-१ पासून २०२३ च्या टीजी-७ पर्यंत भिंगाचे आकडे तेच आहेत: २५ ते १००, एफ/२ ते ४.९. अकरा वर्षं एका जागी उभं राहणं हा कंपनीचा दोष आहे, आणि तो टीकेला पात्र आहे.

तेव्हा माझा निवाडा असा. विषय लांबचा, वेगवान किंवा अंधारातला असेल, किंवा मागचं धूसर करून एकच चेहरा उठवायचा असेल, तर मिररलेसला पर्याय नाही. विषय जवळचा, लहान आणि ओला असेल, आणि तो पूर्ण स्पष्ट हवा असेल, तर हातात धरून, फ्लॅशशिवाय, दोघांतलं अंतर नगण्य उरतं आणि टफ घेणारा जास्त फोटो घेऊन परततो. घेतलात, तर बॅटरीच्या झाकणाचं रबरी सील वर्षातून एकदा बदलून घ्या. दर वेळी ते बंद करण्याआधी त्यावर केस किंवा वाळूचा कण नाही ना, हे पाहा. समुद्रातून आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्यात भिजत ठेवा, आणि तो पूर्ण कोरडा होईपर्यंत झाकण उघडू नका.